हिशेब कोणाच्या नावाचा?

मोबाइलमधले घरखर्चाचे कोणतेही अ‍ॅप उघडा, पहिला प्रश्न येतो तो खर्च कशावर झाला याचा. किराणा, दूध, वीजबिल, शाळेची फी, रिक्षा; प्रत्येकाला एकेक रंगीत चित्र. महिना संपला की गोल आकृती तयार. हे उपयोगाचे नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्यासारख्या घरात त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो आणि तो हे अ‍ॅप विचारतच नाही. पैसा कोणाचा?

आम्ही दोघी जावा सावर्ड्यात एकाच चुलीवर राहतो. थोरलीचे शौहर मस्कतला, धाकटीचे दम्मामला. सासूबाई आमच्याजवळ. दोन देशांचे रियाल रुपये होऊन घरी येतात. सासूबाईंच्या नावावर आंबा-काजूची थोडी कलमे आहेत. थोरली शिकवण्या घेते, धाकटी शिलाई करते. हे सगळे एका डब्यात पडते आणि त्याच डब्यातून खर्च होते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना कधी तरी तिकडून विचारणा होते, "मागच्या महिन्यात पाठवले होते त्याचे काय झाले?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. उन्हातान्हात राबून पाठवणाऱ्याला विचारण्याचा हक्कही आहे. पण ऐकणारीच्या मनाला लागतेच. हिशेब दोन्हीकडे एकसारखा दिसला तर ही विचारणाच उरणार नाही, म्हणून आम्ही सॉफ्टवेअर शोधायला निघालो.

तोपर्यंत घरात सासऱ्यांची वही होती. त्यांनी किराण्याचा हिशेब कधी लिहिला नाही. दिलेले आणि घेतलेले कर्ज मात्र तारखेसह, साक्षीदाराच्या नावासह लिहिले. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, याच कामाविषयी आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. त्यांच्या इंतकालानंतर वाडीतला एक गरीब माणूस आला आणि म्हणाला, "चाचांचे पैसे फेडले होते, पण पुरावा काही नाही. तुम्ही म्हणाल तर पुन्हा देतो." वही काढली. रक्कम लिहिलेली होती, त्यावर रेघ मारलेली आणि शेजारी परतफेडीची तारीख. तो माणूस सुटला आणि मय्यतीच्या डोक्यावरही कोणाचा हक्क राहिला नाही. जे सॉफ्टवेअर घेऊ ते निदान या वहीइतके तरी करणारे असावे, हे आम्ही तेव्हाच ठरवले. वहीवरच का थांबलो नाही? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचे पाणी शिरले तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घराचे सगळे कागद चिखल होऊन गेले. शिवाय वही मस्कतहून वाचता येत नाही.

तीन-चार अ‍ॅप घालून पाहिली. एकाला आमचे सगळे एसएमएस वाचायचे होते, म्हणजे बँकेचे संदेश पाहून ते आपोआप खर्च टिपणार. सोय मोठी, पण घरातले इतके खासगी कोणाच्या हाती द्यायचे? ज्याला फुकट म्हणतात त्याचा धंदा पुढे कोणत्या दिशेला जाईल, सांगता येत नाही. आपल्याकडे लोकप्रिय झालेले वॉलनट हे खर्च टिपणारे अ‍ॅप २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले. कायद्याने त्यात काही वावगे नाही. पण व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घराने हिशेबाच्या पानावरच कर्जाच्या जाहिराती कशाला ओढवून घ्याव्यात? दुसरी गोष्ट, कंपनीने दुकान बंद केले तर आपल्या नोंदींचे काय? मायक्रोसॉफ्टने मनी हे सॉफ्टवेअर विकणे २००९ मध्ये थांबवले. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेले मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झाले. म्हणून आमची एक अट होती, नोंदी आपल्याच संगणकावर राहाव्यात आणि हव्या तेव्हा साध्या तक्त्यात काढून घेता याव्यात.

पण खरी अडचण मालकीची होती. बहुतेक अ‍ॅप कुटुंब म्हणजे एकच खिसा धरतात. आपल्या शरीअतमध्ये तसे नाही. बीवीचा मेहर, तिला माहेरून मिळालेले सोने, तिची कमाई ही तिचीच. घरखर्चाची जबाबदारी शौहरवर. जकातही घराची मिळून एक नसते. ज्याच्या मालकीत निसाब भरतो त्याच्यावर ती फर्ज होते. उद्या वारसा वाटायची वेळ आली तर आधी मय्यतीचे कर्ज फेडायचे, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. या सगळ्यासाठी कोणाचे काय हे आधी माहीत हवे. गोल आकृतीत ते कुठे दिसणार?

शेवटी आम्ही ग्नूकॅश घेतले. १९९८ पासून ते चालू आहे, विनामूल्य आहे, जाहिराती नाहीत, आणि त्यातले बरेचसे शब्द मराठीत करून घेता येतात. ते दुनोंदी पद्धतीचे आहे. पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. दुकानदाराच्या मुलीला हे पटकन कळते, आम्हाला पंधरा दिवस लागले. त्यात आम्ही पाच मुख्य खाती उघडली: दोन्ही शौहरांचे एकेक, आम्हा दोघींचे एकेक, सासूबाईंचे एक. प्रत्येकाखाली रोख, बँक, सोने, येणे, देणे. ओमानी रियालचे १००० बैसा होतात, म्हणजे दशांशानंतर तीन आकडे. आधीच्या एका अ‍ॅपला दोनच ठाऊक होते. हे ते नीट धरते.

सोने रुपयांत लिहायचे नाही, ग्रॅममध्ये लिहायचे, हा आमचा सगळ्यांना आग्रहाचा सल्ला. भाव रोज बदलतो, वजन बदलत नाही. आणि तोळ्यात तर मुळीच लिहू नये. निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. त्या तोळ्याने मोजले तर निसाब ७५ ग्रॅमवर येतो! आणखी एक गोष्ट: आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मसलकात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, मर्यादेतल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मसलकात आहे. इंटरनेटवरचे बरेच जकात-कॅल्क्युलेटर सरसकट सगळे सोने विचारतात. म्हणून आम्ही 'वापरातले दागिने' आणि 'ठेवलेले सोने' अशी दोन वेगळी खाती केली. कोणावर काय लागू होते हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

बचत खात्यावर बँक जे व्याज टाकते ते सॉफ्टवेअर आपले उत्पन्नच समजते. त्याला आम्ही 'बाहेर काढायचे' असे खाते दिले. सवाबची नियत न ठेवता ते गरजूला दिले की खाते शून्यावर येते. जकातीचे वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचे. सॉफ्टवेअरला ते समजत नाही. १ रमजान ही तारीख आम्ही दरवर्षी हाताने टाकतो. सौदीत चाँद बहुधा एक दिवस आधी असतो, त्यावरून धाकटीच्या शौहरांशी दरवर्षी थोडी थट्टा होते.

थट्टा न होणारी गोष्टही एक निघाली. शिलाईच्या पैशांतून धाकटीने मुलाची फी भरली. पूर्वी हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. आता नोंद करताना सॉफ्टवेअरने दुसरी बाजू मागितली: तिच्या खात्यातून गेले ते कोणत्या नावावर? शौहरांना दिलेले कर्ज, की आपल्या खुशीने केलेला खर्च? दोन दिवस ती नोंद तशीच राहिली. दम्मामहून आधी नाराजीचा सूर आला, "आता नवरा-बायकोतही उधारी लिहायची का?" थोरलीने फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, उधारी लिहा असे कोणी म्हणत नाही. खुशीने दिले असेल तर खुशीने दिले असे तरी लिहू या. नाही तर तिने काहीच दिले नाही असे होते." दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: ही फी माझ्या जिम्मेदारीची, माझ्या नावावर देणे म्हणून टाका. पुढच्या महिन्यात त्यांनी तेवढी रक्कम वेगळी पाठवली. धाकटीने त्यातून शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. तीही नोंद आहे.

उणिवाही सांगतो. ग्नूकॅशची फाइल एका वेळी एकानेच उघडायची असते. पावसात वीज गेली की काम थांबते. रोजचा खर्च आम्ही अजूनही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितो आणि जुम्याच्या दुपारी दोघी मिळून संगणकावर चढवतो. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी गूगल शीट्समध्ये पहिला रकाना 'कोणाचे' असा करावा आणि बाकी काही केले नाही तरी चालेल. शौहरांना तो तक्ता तिकडे मोबाइलवर दिसतो.

महिन्याच्या शेवटी पाचही खात्यांचा एक कागद छापतो. त्याचे फोटो मस्कतला आणि दम्मामला जातात. कर्जाचे पान मात्र वेगळे काढून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि ते सासऱ्यांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या पानानंतर चिकटवतो. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर थोरलीच्या माहेरी आहे. सासूबाईंना संगणकातले काही कळत नाही, पण कागद आला की त्या आधी आपले नाव शोधतात आणि काजूचे पैसे बरोबर आहेत का ते विचारतात.