गवंड्यांची मजुरी आणि डॅमेज मीटर

ऑनलाइन गेममध्ये मला एकदा पार्टीतून, म्हणजे सोबत खेळणाऱ्यांच्या गटातून, काढून टाकलं. कारण काय, तर डॅमेज, म्हणजे शत्रूला दिलेला मार, कमी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

2020 चा लॉकडाऊन. मोशीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर लॅपटॉपवर चाकणच्या कंपनीचं काम आणि रात्री ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’. त्यात डेडमाइन्स नावाची खाण आहे. पाच जणांनी मिळून आत शिरायचं आणि शेवटी एडविन व्हॅनक्लीफला मारायचं.

हा व्हॅनक्लीफ गवंड्यांचा पुढारी. युद्धात बेचिराख झालेलं स्टॉर्मविंड शहर त्याच्या माणसांनी पुन्हा उभं केलं आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली. म्हणून ते बंडखोर झाले. माझ्या खिडकीसमोर अर्धवट इमारत होती. तिच्यावरचे गवंडी त्याच उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन नाशिक रस्त्याने पायी निघून गेले होते. काहींची मजुरी ठेकेदाराकडे अडकलेली. मला ही कथा परकी वाटणारच नव्हती.

खाणीच्या टोकाला लोखंडी दार आहे. तोफेत दारू भरून ते उडवावं लागतं. दार फुटलं आणि डोंगराच्या पोटात पाणी दिसलं, पाण्यावर अख्खं जहाज! मी बघत उभा राहिलो. बाकीचे चौघे पळत पुढे. लगेच चॅटमध्ये डॅमेज मीटरची, म्हणजे कोणी किती मार दिला हे मोजणाऱ्या साधनाची, यादी पडली. माझं नाव हीलरच्या, म्हणजे मारायचं सोडून इतरांना बरं करणाऱ्याच्या, जेमतेम वर. मी लिहिलं, ‘पहिल्यांदाच आलोय, जरा बघतोय.’ कोणी उत्तर दिलं नाही. पार्टीतून काढल्याची सूचना तेवढी आली, आणि 60 सेकंदांत बाहेर टाकलं जाईल असा इशारा. व्हॅनक्लीफ त्या जहाजावर, डोळ्यांसमोर. ज्याच्यासाठी एवढी खाण तुडवली त्याच्यापर्यंत मला पोचूच दिलं नाही. निदान विचारायचं तरी!

खेळांतले आकडे आजचे नाहीत, हे मान्य. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा खेळ आला तो युद्धखेळांतूनच. फासे, हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरला त्याचा आकडा) पहिल्यापासून होते. पण तिथला फासा गोष्टीला वळण देतो. मीटर माणसाचा क्रमांक लावतो. कंपनीच्या कारखान्यात तासाला किती नग निघाले हेच दिवसभर मोजायचं आणि रात्रीही तेच?

पुढे त्याच गेममधल्या चाळीस जणांच्या मोल्टन कोअर मोहिमेत गेलो तेव्हा मात्र मीही मीटर बसवला. कोण कुठे कमी पडतंय ते कळतं, आणि खरं सांगायचं तर आकडा वाढताना बघायला मजा येते. तरीही त्या चौघांचं वागणं मला पटलेलं नाही. चाळिसांत हिशेब हवाच. खाणीत पाच जण होतो, घाई कसली होती?

‘फायनल फँटसी 14’ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्येही जुने खेळाडू नवख्यांना मागे टाकून पळायचे, म्हणून 2018 मध्ये दोन मोहिमांतले कथाप्रसंग सगळ्यांनी बघणं सक्तीचं करावं लागलं. मग जुने कुरकुरले. नवख्यासाठी थांबणं हे नियमाने होणारं काम नाही.

तेव्हा पार्टीत नवा कोणी आला तर आधी विचारा, पहिल्यांदाच आलास का? हो म्हणाला तर त्याला पाच मिनिटं द्या. व्हॅनक्लीफ मेल्यावर त्याच्यापाशी एक न पाठवलेलं पत्र सापडतं. तेही वाचा.