पहिला सेल्फ

डिझेल गाडीचं थंडीतलं दुखणं दिवसातून एकदाच दिसतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी पहिला सेल्फ मारला की तेवढ्या काही सेकंदांत इंजिन सगळं सांगून टाकतं. एकदा ते पेटलं, अंगात ऊब आली की पुढचा पुरावा पुसला गेला. कळंब, नेर, दारव्हा इकडून लोक गाडी चालवत गॅरेजला आणतात आणि म्हणतात, "भाऊ, सकाळी लय त्रास देते जी. एकदा चालू झाली का मग काहीच नाही." गरम इंजिनावर मी कान लावून काय ऐकणार? गाडी रात्रभर ठेवून जा म्हटलं की चेहरे उतरतात. कापसाच्या दिवसांत गाडी सोडून जाणं परवडत नाही, हे मलाही कळतं. तरी मी आग्रह सोडत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये ऑग्सबर्गला चालवून दाखवलेलं इंजिन असो की आजची कॉमन रेल, हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेनं डिझेल पेटलं पाहिजे. मोटारीच्या इंजिनात हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. सिलिंडर थंड असेल तर त्यातली बरीच उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. सेल्फ हळू फिरला, रिंगांतून हवा निसटली, तर उरलेलीही जाते.

आता आपली थंडी. यवतमाळच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याखालीही जातो. ही डिझेल गोठायची थंडी नाही. तशी थंडी लडाखला असते. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. त्यामुळे आर्णीचा किंवा घाटंजीचा माणूस "डिझेल गोठलं असंल" म्हणाला की मी त्याला तिथंच थांबवतो. दहा अंशांत धडधाकट इंजिन उठलंच पाहिजे. उठत नसेल तर कमजोरी आधीचीच आहे, थंडीनं ती उघडी पाडली एवढंच.

पहाटे मी आधी ऐकतो. सेल्फ जड फिरतोय का? तसं असेल तर पंपापर्यंत जायचं कारणच नाही. बॅटरी बघा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघा, इंजिनाची अर्थ वायर बघा. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जायला लागला की माझा संशय तिथंच बसतो. सेल्फ छान फिरतो, पण वेळ लागतो आणि पेटली की मात्र एकदम साफ चालते? मग डिझेल वर पोहोचायला उशीर होतोय. लगेच पेटते आणि दोन-चार सेकंदांनी मरते? लाइन हवा घेतेय. पेटते, थरथरते, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडते आणि अर्ध्या मिनिटात शांत होते? कुठल्यातरी सिलिंडरला उष्णता कमी पडतेय. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, वासावरून कळतं. गोडसर वास आला तर गोष्ट वेगळी आणि महागडी, कारण मग कूलंट आत जात असतं.

थंड इंजिनाला ही उष्णता पुरवणाऱ्या हीटर प्लगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 1994 मध्ये आलेली सुमो आणि 1998 च्या अखेरीस आलेली इंडिका, दोन्हींत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारलं जायचं. त्या कोठडीच्या भिंती उष्णता फार खातात, म्हणून या इंजिनांना आपल्या साध्या थंडीतही हीटर लागतोच. पांढरकवडा, वणी, उमरखेडच्या काळीपिवळीवाल्यांना हे अंगवळणी पडलं होतं: चावी अर्धी फिरवायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. डिझेल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या नव्या गाड्या प्लग मेलेला असला तरी आपल्याकडे बहुधा उठतात, फक्त कुरकुरत उठतात. म्हणून तो दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. जुना प्लग काढून बॅटरीवर धरला की काही सेकंदांत त्याचं टोक आधी लाल व्हायला हवं. टोकाऐवजी मधला भागच आधी लाल होत असेल तर तो गेलेला समजा. नव्या गाड्यांतले काही प्लग मात्र पाच-सात व्होल्टचेच असतात. त्यांना थेट बारा व्होल्ट दिले तर तपासणीतच जळतात, हे मी पोरांना पुन्हा पुन्हा बजावतो.

डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा शोधायला पारदर्शक पाइप आणि उतार, एवढंच लागतं. फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी लावायची आणि सकाळी तिच्यात बुडबुडे येतात का ते बघायचं. त्याआधी मालकाला सांगतो, एक रात्र गाडी तोंड वर करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड खाली करून. दोन सकाळींत फरक पडला तर डिझेल रात्री टाकीकडे परत उतरतंय हे नक्की. बहुतेक वेळा फिल्टरजवळची एखादी कडक झालेली नळी किंवा हातपंपाचं रबर निघतं.

मागे एका शेतकऱ्याची कॉमन रेल गाडी आली होती. चारही इंजेक्टर बदलावे लागतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि कापूस विकून आलेले पैसे तो त्यासाठी बाजूला ठेवून बसला होता. गाडी रात्रभर ठेवली. पहाटे चावी फक्त ऑन केली, सेल्फला हात लावला नाही आणि स्कॅनर जोडला. रात्रभर उभ्या गाडीत हवेचं, डिझेलचं आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. हवा बारा, डिझेल तेरा आणि कूलंट सेहेचाळीस! सेन्सर संगणकाला सांगत होता की इंजिन कोमट आहे, त्यामुळे संगणक हीटर लावतच नव्हता आणि डिझेलही कमी सोडत होता. पुराव्यासाठी इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून बघितल्या, चारही सारख्या भरल्या. सेन्सर बदलला, काम काही शेकड्यांत झालं. स्कॅनर सगळ्यांकडेच आहे. तो गाडी गरम असताना लावला असता तर हा आकडा खोटा वाटलाच नसता.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारणं, फिल्टरच्या तोंडाशी पेटतं फडकं धरणं, हे अजूनही चालतं. हीटर तापलेला असताना ईथर वेळेआधी भडकतो आणि रिंगा, पिस्टन फुटू शकतात. दोनशे रुपयांच्या नळीपायी हेड उतरवायची वेळ मी पाहिली आहे.

घरी मालकालाही बरंच करता येतं. सेल्फ किती वेळ मारावा लागला, धूर कुठल्या रंगाचा, किती वेळ टिकला, आदल्या दिवशी डिझेल पंपावरून भरलं की ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या कॅनमधून ओतलं, हे कागदावर लिहून आणा. कॅनच्या तळाशी पाणी आणि शेतातली माती असते, आणि ती सगळी फिल्टरमध्ये येते. आणि गाडी दाखवायची तर आदल्या संध्याकाळीच आणून लावा, चावी माझ्याकडे द्या.