अस्मानी

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

साडीच्या चिठ्ठीवर दुकानदाराने 'अस्मानी' लिहिलंय. आकाशीपेक्षा हा वेगळा रंग का, असं तू विचारलंस. रंग तोच गं. अस्मान म्हणजे आभाळ, त्याचा अस्मानी. शब्द फारसीतून आलेला. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. साडीचा रंग कारभारात मोडत नाही, म्हणून हा सुटला असावा!

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथात 'अस्मन्' म्हणजे आकाश, आणि दगडसुद्धा. संस्कृतातला 'अश्मन्' त्याचा सख्खा भाऊ. अश्मयुगातला अश्म तो हाच. जुन्या इराण्यांना आकाश हा वर उपडा घातलेला कठीण दगडी घुमट वाटे. मला यात काही विचित्र दिसत नाही. वरून पडणाऱ्या बर्फाला आपण गार म्हणतो आणि रानातल्या पांढऱ्या दगडालाही गारच म्हणतो की!

इराणात पर्सेपोलिसजवळ नक्श-ए-रुस्तमला दारियस राजाची कबर आहे, उभ्या कड्यात कोरलेली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लेखाच्या आरंभीच म्हटलंय की अहुरमज्द या देवाने ही 'बूमि' केली आणि ते 'अस्मान' केलं. बूमि म्हणजे आपली भूमीच. दोन्ही शब्द एका ओळीत, आणि दोन्ही आपल्या नात्यातले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

मराठीत मात्र हा शब्द रंगापेक्षा धाकाचाच जास्त. अवर्षण, गारपीट, महापूर ही अस्मानी. राज्यकर्त्यांनी नाडलं तर ती सुलतानी. १६३० च्या दुष्काळात दख्खनने दोन्ही एकदम भोगली. वरून पाऊस नाही आणि खाली मोगल, निजामशाही, आदिलशाही यांच्या फौजा मुलूख तुडवताहेत. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई त्याच काळात अन्नावाचून गेली. अस्मानी-सुलतानी हा जोडशब्द शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे, आणि तो का टिकला हे तुला सांगायला नको.

आखाड्यातलं अस्मान त्या मानाने हसतं-खेळतं. तिथे अस्मान दाखवणं म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लावणं. उताणा पडलेल्याला दुसरं दिसणार तरी काय?

तुझी,
आत्या