अ‍ॅबिंग्डनची लाल मोटार

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही अठरा दिवस इंग्लंडात होतो. थोरल्या बंधूंचा मुलगा तिथे ऑक्सफर्डजवळच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी करतो. तिकीट त्यानेच पाठवले होते. निघताना वहिनींनी ज्वारीचे पीठ, लसणाची चटणी आणि एक निरोप बांधून दिला, "भावजी, त्याच्या डोक्यातलं मोटारीचं खूळ काढूनच या."

खूळ साधे नव्हते. पोराला पन्नास वर्षांची जुनी, दोनच माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घ्यायची होती. एमजीबी तिचे नाव. मालकीणबाई सात हजार पौंड मागत होत्या. त्याला परदेशी पाठवताना पतपेढीचे जे कर्ज काढले त्यावर जामीन म्हणून आमची सही आहे, आणि दोन लाखांवर रक्कम अजून फिटायची होती. तेव्हा वहिनींच्या निरोपात आमचाही स्वार्थ होता, हे वाचकांपासून कशाला लपवा?

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही नाही म्हणायच्या आधी एकदा गाडी बघा. कागद तुम्ही तपासा, पत्रा मी तपासतो."

कागदांचे काम आमच्या हातचे. त्या देशात तीन वर्षांवरच्या मोटारीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडीच्या नंबरावरून जुन्या तपासण्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात. आम्ही रात्री बसून ते वाचले. २०१७ च्या तपासणीत गाडी पास होती, पण खाली सूचना होती की दरवाज्याखालच्या भागाला गंज लागू लागला आहे. त्यापुढे पान कोरे. कारण असे की, मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिली नाही. म्हणजे गाडी जितकी म्हातारी, तितकी तिच्याकडे पाहणारा कोणी नाही. हा नियम आम्हाला काही पटला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डहून बसने अ‍ॅबिंग्डनला गेलो. थेम्स नदीच्या काठचे हे जुने बाजारपेठेचे गाव. चौकात दगडी खांबांवर उभी असलेली काउंटी हॉलची देखणी इमारत सतराव्या शतकातली आहे. राजघराण्यात काही मंगल घडले की गावचे नगरसेवक तिच्या गच्चीवरून खाली जमलेल्या लोकांवर पाव फेकतात, ही तिथली जुनी प्रथा. आम्हाला हसू आले, पण आपल्याकडेही नारळ फोडताना खाली पोरांची झुंबड असतेच.

एमजी मोटारींचा कारखाना याच गावात होता. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. १९२९ मध्ये ही मंडळी अ‍ॅबिंग्डनला आली ती पॅव्हलोव्हा नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारात. कातडे कमावायच्या जागेत जगभर नावाजलेली मोटार तयार झाली, हे पुतण्याने सांगितले तेव्हा आम्ही दोघेही जरा थांबलो. आमच्या आजोबांच्या हातांचा वास आम्हाला अजून आठवतो. एमजीबी १९६२ साली निघाली, पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला कुलूप लागले. गिरणगावात वाढलेल्या माणसाला कुलूप या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गाडी तिथून चार मैलांवरच्या खेड्यात होती. मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. यजमान आदल्या वर्षी वारले. गाडी त्यांची. गॅरेजचे दार उघडले आणि खरे सांगतो, आमचाही जीव क्षणभर तिच्यावर जडला. लालबुंद रंग, तारांची चाके, चकचकीत बंपर. पुतण्याकडे तर बघवेना.

आमचे वडील लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या पत्र्याचे काम करीत. डबा वरून कितीही रंगवलेला असो, ते आधी संडासाखालचा आणि दरवाज्याजवळचा पत्रा हातोडीने ठोकून पाहत. पाणी जिथे साचते तिथेच लोखंड मरते. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला भद्द वाजतो. त्यांच्यामुळे आम्हाला एवढेच ठाऊक, पण तेवढे उपयोगी पडले.

या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. शिवाय वर पक्के छत नाही, त्यामुळे सारी ताकद दोन्ही दरवाज्यांखालच्या पोकळ उंबरठ्यांत असते. बाहेर एक पत्रा, आत एक, मध्ये तिसरा. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर खाणीतले मीठ पसरतात. पुढच्या चाकाने उडवलेला तो खारा चिखल मडगार्डच्या आत, दरवाज्याच्या पुढच्या खांबाशी जाऊन बसतो आणि ओला राहतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज कसे फुगतात ते आपण पाहतोच. इथे मीठ थेट अंगावर.

पुतण्याने फ्रिजवरचे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून आणले होते. ते मडगार्डच्या खालच्या कडेवरून फिरवले. वर घट्ट चिकटे, खाली वीतभर जागेत गळून पडे. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. मग सतरंजी उचलली, खाली ओल. सीटमागचे झाकण काढले, तिथे बॅटऱ्या ठेवायच्या दोन खोल पेट्या असतात. एकीच्या तळातून जमीन दिसत होती. डिकी मात्र ठणठणीत निघाली. आम्ही प्लॅस्टिकचा कागद पसरून गाडीखाली आडवे झालो. (हे वय गाडीखाली जायचे नाही, हे उठताना कळले.) खाली सगळीकडे जाड काळे डांबर. हातोडीच्या दांड्याने ठोकले तर सगळीकडे एकच मुका आवाज.

पुतण्याने बाईंची परवानगी घेऊन दरवाज्याखाली जॅक लावला. उंबरठा धड असेल तर गाडी उचलल्यावरही दरवाज्याभोवतीची फट तशीच राहते. इथे दोन-चार वेळा दांडा फिरवताच आत काहीतरी कुरकुरले, डांबराखालून तांबडा भुगा गळाला. फट वर रुंद आणि खाली चिंचोळी झाली. दरवाजा उघडला तो पुन्हा बसेना.

पोराने हलकेच जॅक उतरवला. आमच्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "काका, बाईंना सांगायचं का? की नुसतं नको म्हणून निघायचं?"

आमच्या मनात दोन्ही होते. न सांगता भाव पाडून मागता आला असता, हेही मनात आले. पण त्या बाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि त्या गाडीत बसून बाजाराला जात होत्या. पन्नासच्या वेगाने वळण घेताना हा उंबरठा मोडला तर? आम्ही पुतण्याला म्हटले, "सांग. आणि गाडी चालवू नका, हे आधी सांग."

त्याने त्यांना वाकून ती फट आणि जमिनीवरचा भुगा दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते दर शरद ऋतूत स्वतः खाली जाऊन काळा लेप लावायचे. गंजू नये म्हणून." आम्ही काय बोलणार! कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर तो लेप ठीक. गंजावर लावला की चिरांतून शिरलेले पाणी आतच अडकते आणि वरून काही दिसत नाही. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, गाडीचे इंजिन फार निगुतीने राखले आहे. ते खरेच होते.

त्यांनी आपणहून किंमत चार हजारांवर आणली. पुतण्याची नजर पुन्हा तिकडे वळली. आम्ही कागद काढला. दोन्ही बाजूंचे उंबरठे कापून नवे जोडायला ओळखीच्या वेल्डरने आधीच साडेतीन हजारांचा अंदाज दिला होता. मडगार्ड, बॅटरीच्या पेट्या आणि रंग वेगळे. बेरीज सातच्या वर जात होती. १९८८ पासून या गाडीचे कोरे सांगाडेही मिळतात, पण त्यांची किंमत पोराने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. चहा घेऊन, बाईंना त्या वेल्डरचा नंबर लिहून देऊन आम्ही निघालो.

परतीच्या बसला तासभर होता म्हणून काउंटी हॉलमधल्या संग्रहालयात शिरलो. तिथे एक एमजीबी जपून ठेवली आहे. दिवसभर गप्प असलेला पुतण्या तिच्यापाशी गेला आणि एकदम गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून दरवाज्याखाली डोकावू लागला. संग्रहालयाच्या बाई लगबगीने पुढे आल्या.