दुखेल, पण मी आहे

लेक चौदा आठवड्यांची झाली तेव्हा तिला लसीसाठी जवळच्या अंगणवाडीत नेलं. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझ्यापुढे एक बाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. त्याचा डीपीटीचा बूस्टर होता. "मम्मी, दुखेगा?" त्यानं विचारलं. रांगेतल्या आम्ही दोघीतिघी एकदमच म्हणालो, "नहीं रे, चींटी काटेगी बस." त्याच्या आईनं मात्र त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हां बेटा, दुखेगा. मैं हाथ पकड़ूंगी. रोना आए तो रो लेना."

तो रडला. तिनं हात सोडला नाही. थोड्या वेळानं तो अंगणात खडे वेचत होता.

माझं वाक्य मलाच टोचलं. मुलीशी खोटं बोलायचं नाही, तिला भीती घालायची नाही, असं मी गरोदरपणीच ठरवलं होतं. पण घरात बोलायची सोय नव्हती. माणसं भरपूर, मायाही भरपूर. पण "सारखी उचलू नकोस, सवय लागेल" आणि "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" यांच्यामध्ये माझे प्रश्न अडकून राहायचे.

रात्री तिला पाजून झालं की मी गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' वाचायचे, काशिनाथ त्रिवेदींनी केलेल्या हिंदी अनुवादात. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मारू नका, धाक घालू नका, बक्षिसाची लालूचही दाखवू नका, असं ते शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. एका आईनं आपल्या मुलाला खरं सांगितलं, ते मी अशाच एका अंगणवाडीत ऐकलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

लस दिल्यावर अर्धा तास थांबवून घेतात. तेवढ्यात त्या आईशी ओळख झाली. तिनं गिजुभाईंचं नावही ऐकलं नव्हतं. लहानपणी "फिरायला जाऊ" म्हणून तिला दवाखान्यात नेऊन टॉन्सिल काढले होते. "त्यानंतर किती तरी दिवस मी कुणाच्या स्कूटरवर बसले नाही," ती हिंदीत म्हणाली. तिचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका दिवसातून आलं होतं.

तिच्यामुळे आणखी दोन घरं मिळाली. आता महिन्यातून दोन रविवारी आम्ही चार कुटुंबं सिरपूर तलावाच्या पाळेवर जमतो. थंडीत पाहुणे पक्षी येतात, मुलं मातीत लोळतात. आमचं सगळं जुळत नाही. एका घरात मोबाईल अजिबात नाही, दुसऱ्या घरात जेवताना चालतो. एकीला मराठी शाळा हवी, एकीला इंग्रजी. यावर आम्ही वादही घालतो. पण मुलांदेखत मुलांची चेष्टा कुणी करत नाही, आणि मूल रडलं तर "शेम शेम" म्हणत नाही. एवढं मला पुरतं.

एका रविवारी सासूबाई सोबत आल्या. एक मुलगी धडपडली. त्यांच्या पिढीच्या सवयीनं त्या जमिनीला "हात रे" करायला वाकल्या. मुलगी म्हणाली, "आजी, जमीन ने कुछ नहीं किया." सासूबाई थबकल्या, मग तिचा गुडघा पुसत म्हणाल्या, "खरंय बाळा. बहुत लगा क्या?" घरी आल्यावर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. पण बागुलबुवा त्यानंतर आमच्या घरात आलेला नाही.

नव्या आयांना एवढंच सांगते: समविचारी घर शोधताना त्यांनी कोणती पुस्तकं वाचली, कोणती शाळा निवडली, हे आधी विचारू नका. मूल पडल्यावर त्या घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता येतो, तो ऐका.