टाळी न देण्याबद्दल

आमच्या घरात शिव्या चालत नाहीत. कोल्हापुरात हे सांगितलं तर लोक हसतात, पण आमच्याकडे खरंच तसं आहे. वडील शिक्षक होते. ‘च्यायला’ म्हटलं तरी भरल्या ताटावरून उठवायचे. त्याच घरात ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ सर्रास चालायचं, कारण ते शिव्यांत धरलंच जात नव्हतं. कॅच सोडणारा, सिनेमात रडणारा, लग्नाला नको म्हणणारा, सगळे त्यात यायचे.

मला ते टोचायला लागलं भाच्यामुळे. दादाचा मुलगा पुण्यात शिकतो, कथक करतो, केस खांद्यापर्यंत, डोळ्यांत काजळ, कधी नखांना रंग. तो नेमका काय आहे हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. दिवाळीला आला तेव्हा दादा पानावर बसल्याबसल्या म्हणाला, “आलं का आमचं छक्कं?” दादाचा पोरावर जीव आहे. हे रागानं नव्हतं, लाडानंच होतं, आणि म्हणून तोडायला अवघड. पोरगा हसला. पण मी त्याच्या शेजारी बसले होते. ताटाच्या आड त्याचा अंगठा बाकीच्या नखांवरचा जांभळा रंग खरवडत होता.

“दादा, त्याला असं म्हणायचं नाही,” मी म्हटलं.

“तूच डोक्यावर चढवून ठेवलंयस त्याला. बाप आहे मी त्याचा. गंमतबी करू नको व्हय?”

मी कायदा काढला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी 2019 साली केलेल्या कायद्यात कलम 18 आहे. शिवीगाळ आणि मानसिक छळसुद्धा त्यात गुन्हा धरलाय, शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. दादानं घास खाली ठेवला. “म्हणजे आमचं पोरगं तसलं आहे म्हणतेस?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, भाचाही. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर ‘तसलं’ असणं वाईट हे मान्य झालं असतं. ‘हो’ म्हणायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, “तो कसला का असेना, तू बोलायचं नाहीस.” वहिनीनं आमटी वाढायला घेतली आणि विषय ऊसदरावर गेला.

मी बँकेत नोकरी करते. तिथे असलं टोकणं सोपं आहे. फॉर्मवर स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तिसरा पर्याय ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं 2015 मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. खातं उघडायला साडी नेसलेली एक व्यक्ती आली, तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा पोरगा शेजारच्याला ढोसून हसला. मी त्याला केबिनमध्ये बोलावून परिपत्रक वाचायला लावलं. पुन्हा हसला नाही. पण ती खुर्चीची ताकद, माझी नव्हे. घरी मी शेंडेफळ; तिथे माझं परिपत्रक कोण वाचतंय?

काकांशी झालेली लढाई जास्त रंगली. काका नाट्यसंगीताचे वेडे. 1921 च्या संयुक्त ‘मानापमान’चा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. त्यात बालगंधर्व भामिनी आणि आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर. बालगंधर्वांचं लुगडं, त्यांची नथ, बघून घरंदाज बायका कशा तशाच नेसायला लागल्या, हे काका स्वतः बघून आल्यासारखं सांगतात. केशवरावांनीही लहानपणी ‘शारदे’चं काम केलेलं. मी म्हटलं, “काका, मग आपल्या पोराच्या काजळानं तुमचं काय बिघडतं?”

“ती कला होती. खेळ संपला की लुगडं उतरवत होते ते.”

मुद्दा बिनतोड होता. “म्हणजे लुगड्याला हरकत नाही, उतरवलं नाही तर हरकत,” मी म्हटलं. काका विचारात पडले, असं लिहायला मला आवडलं असतं; पण त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिथे कुणी विनोदी नट साडी नेसून मुरडत होता आणि काका खो खो हसत होते. मात्र त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी भाच्याला त्याच्या नावानंच हाक मारली आहे. मी एवढ्यावर समाधानी आहे. माणसं पटून बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही. कटकट नको म्हणून ती गप्प बसतात, आणि पोराला तेवढी शांतता पुष्कळ आहे.

या बाबतीत घरातलं सगळ्यात जोरकस हत्यार आईकडे निघालं. आमच्याकडे यल्लमाचं आहे. मार्गशीर्षात सौंदत्तीला माणसं जातात, परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील, वांग्याची भाजी, भाकरी, मेथी, गाजर असा नैवेद्य असतो. मंगळवारी-शुक्रवारी जोगती दाराशी येतात. त्यातले एकजण, हिरवं लुगडं, डोक्यावर देवीचा जग, कपाळभर भंडारा, आवाज भारदस्त पुरुषी. आई परडीत पीठ-मीठ घालते, वाकून पाया पडते. एकदा ते पायरी उतरतात न उतरतात तोच दादा त्यांच्या चालीची नक्कल करायला लागला. आई कधी नव्हे ती कडाडली, “जीभ झडंल. देवीचं माणूस हाय ते.”

दादा गप. कलम 18 नं जे झालं नाही ते यल्लमानं केलं. मला ते पूर्ण पटत नाही, हेही सांगते. देवीचा कोप म्हणून पाया पडायचं आणि जग खाली ठेवलेल्या तशाच माणसाला खोली भाड्यानं द्यायची नाही, हे आमच्याच गल्लीत चालतं. देवीचं नसलेलं माणूस काय करणार? पण दादा गप बसला, हे खरं.

मैत्रिणींचं निराळंच. आमची भिशी शाळेपासूनच्या बायकांची. तिथे कुणी बाप नाही, कुणी साहेब नाही. मागे एकीच्या घरी चहा झाल्यावर विषय निघाला नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तृतीयपंथीयांची टोळी आल्याचा. आमच्यातली सगळ्यात हजरजबाबी मैत्रीण उठली, पदर खोचला, दोन्ही तळवे आडवे करून ती टाळी वाजवली, आवाज घोगरा केला. नक्कल हुबेहूब होती. सगळ्या लोळल्या. “आणि अगं, तुझा भाचा आता अस्साच चालतो की!” म्हणत तिनं टाळीसाठी हात माझ्यापुढे केला.

मी टाळी दिली नाही.

हात तसाच राहिला. विनोदानंतर टाळी न देणं म्हणजे आमच्याकडे भांडणच. “काय गं, गंमत केली की!” ती म्हणाली. मी म्हटलं, “तो तुझ्याकडे गणपतीत आरास करायला येतो. पुढच्या वेळी त्याच्यासमोर करून दाखव.” कुणीतरी चिठ्ठ्या काढायची घाई केली. त्या महिन्याची भिशी तिलाच लागली आणि ती पैसे न मोजता पर्समध्ये टाकून निघून गेली. बरेच दिवस बोलली नाही. दुसरीनं मला फोन करून सुनावलं की इतकं मनाला लावून घ्यायचं तर मैत्री कशाला करावी. मला उलट वाटतं. परकीनं केलं असतं तर मी उठून गेले असते. हिच्याशी भांडले, कारण पुढची चाळीस वर्षं हिच्याच घरी चहा प्यायचाय. परवा ती माझ्याकडे आली, निमित्त मेथीच्या लाडवांचं. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. भाच्याचा नंबर मात्र मागितला, गौरीच्या मखरासाठी.

दादा पाठीमागे अजून बोलतो, असं वहिनी सांगते. पण आता मध्येच तोंडावर हात ठेवतो म्हणे, आणि वहिनीच विचारते, “वन्सं नाहीत म्हणून काय झालं?” ही नवीनच भर आहे. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. हळदीला भाचा नथ घालणार आहे, आजीची, आणि आजीनं ती हौसेनं काढून दिली आहे. काल दादाचा फोन आला, “तुझं ऐकतो तो. समजाव त्याला जरा.” मी म्हटलं, त्याला नाही समजावणार, पाहुण्यांना समजावते. दादा म्हणाला, वरपक्षाचीच तीनशे माणसं आहेत. मी म्हटलं, यादी पाठव.