सडपातळ राजकन्येचं गाव

अमेरिकेला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा फोटो अल्बम डोळे मिटून सांगता येतो. डिस्नेलँड, हॉलिवूडची पाटी, वेगासचे दिवे, ग्रँड कॅन्यनच्या कठड्यावर हात पसरून एक पोझ. झाली अमेरिका! ताई लग्न होऊन लॉस एंजेलिसला गेल्यापासून हा कोर्स मीही पूर्ण केलाय. त्यामुळे यंदा जिजूंनी ‘मॅमथ लेक्सला जाऊया’ म्हटल्यावर मी एकच अट घातली. वाटेत कुठेतरी थांबायचं, पण मॉलमध्ये नाही.

हायवे ३९५ हा रस्ता स्वतःच एक सॉलिड ट्रिप आहे. डावीकडे सिएरा नेवाडाची बर्फाळ भिंत, उजवीकडे तपकिरी, कोरडे डोंगर आणि मधोमध लांबलचक ओवेन्स व्हॅली. हा भाग इन्यो काउंटीत येतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण हा जिल्हा पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम १९ हजार! आपल्याकडे एखाद्या आयटी पार्कमध्ये सकाळी साडेनऊला याहून जास्त माणसं आत शिरतात.

एलएपासून साधारण साडेचार तासांवर बिशप नावाचं शहर लागतं. अख्ख्या काउंटीत अधिकृतपणे ‘शहर’ म्हणावं असं हे एकटंच. तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे लॉज. राहायचं लॉज नव्हे, गावाचं नावच ते. रेल्वेचे एक अधिकारी होते आर. जे. लॉज, त्यांच्यावरून पडलेलं.

गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी वेस्टर्न सिनेमाचा सेट काढायचा विसरून गेलंय. लाकडी स्टेशन, पाण्याची उंच टाकी, काळं इंजिन आणि चिटपाखरू नाही. वाटतं तेही अगदीच चूक नाही म्हणा. स्टीव्ह मॅक्वीनच्या १९६६ च्या ‘नेवाडा स्मिथ’चं थोडं शूटिंग इथे झालं होतं. पण स्टेशन मात्र शंभर टक्के ओरिजिनल, १८८३ सालचं.

कार्सन अँड कोलोरॅडो या कंपनीने नेवाडातल्या माउंड हाउसपासून ओवेन्स तलावाकाठच्या कीलरपर्यंत जवळपास ४८० किलोमीटरची लाइन टाकली. खाणींतलं चांदी-शिसं वाहून न्यायचं आणि गडगंज व्हायचं, असा साधा फंडा. पण लाइन पूर्ण होईतो खाणी थंडावल्या. कंपनीतले बडे भांडवलदार डी. ओ. मिल्स लाइन बघून म्हणाले म्हणे की, ही एकतर तीनशे मैल जास्त लांब झालीय, नाहीतर तीनशे वर्षं लवकर! १९०० मध्ये लाइन सदर्न पॅसिफिकला विकली आणि त्याच वर्षी नेवाडात टोनोपाहला चांदी सापडली. याला म्हणतात टायमिंग.

रूळ फक्त तीन फूट रुंद, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा एक फूट जास्त. म्हणून लोकांनी गाडीचं नाव ठेवलं ‘स्लिम प्रिन्सेस’. सडपातळ राजकन्या! पेशवे पार्कातल्या ‘फुलराणी’त बसून मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हे नाव ऐकूनच प्रेम जडलं. १९०९ साली बांधलेलं नऊ नंबरचं इंजिन इथे उभं आहे आणि त्यावर चढता येतं. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने त्याची घंटा इतक्या वेळा वाजवली की शेवटी जिजूंनाच तिला उचलून खाली आणावं लागलं.

१९६० मध्ये शेवटची गाडी धावली आणि लाइन बंद झाली. आता खरी गोष्ट सुरू होते. रेल्वेने स्टेशन, जमीन आणि हे इंजिन काउंटीला आणि बिशप शहराला देऊन टाकलं. सांभाळायला पुढे आली बिशपची हौशी इतिहास मंडळी, म्हणजे बिशप म्युझियम अँड हिस्टॉरिकल सोसायटी. १ एप्रिल १९६६ ला म्युझियम उघडलं. मग खोऱ्यात जिथे जिथे जुनी इमारत पडायला आली, तिथून ती उचलून इथे आणायचा सपाटा त्यांनी लावला. शाळा, शेतकऱ्याचं घर, डॉक्टरचा दवाखाना, छापखाना, लोहारकाम. एक आख्खं गाव गोळा झालं.

माझ्यातली पत्रकार जागी झाली. दुसरीकडून उचलून आणलेल्या घरांना ‘ऐतिहासिक’ म्हणायचं? म्हणजे डिट्टो सेटच की! तिथे काम करणाऱ्या सत्तरीच्या एका आजोबांना मी हे जरा गोड शब्दांत विचारलं. त्यांना राग नाही आला. त्यांचं म्हणणं एवढंच, की जिथे होती तिथे ती राहिलीच नसती. आणि मग त्यांनी मला पाण्याची गोष्ट सांगितली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला पाणी कमी पडायला लागलं. शहराने या खोऱ्यातली जमीन आणि त्याबरोबर पाण्याचे हक्क विकत घेतले. १९१३ मध्ये विल्यम मुलहोलँड या इंजिनिअरने ३७५ किलोमीटरचा कालवा पूर्ण केला. काही वर्षांत ओवेन्स तलाव कोरडा पडला. शेतं गेली, बागा गेल्या, आणि मग गाडीत भरायला माल तरी कुठून येणार? नोव्हेंबर १९२४ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याचे दरवाजे ताब्यात घेतले आणि चार दिवस पाणी परत नदीत सोडलं. बायका-मुलं जेवण घेऊन तिथे जमली, पार जत्रा भरली. पण शेवटी शहरच जिंकलं. साधारण त्याच काळात, १९२१ ते १९२४, आपल्या मुळशीत सेनापती बापट धरणाविरुद्ध लढत होते. मुंबईला वीज हवी होती. तिथे कोण जिंकलं, ते ताम्हिणीला जाताना आपण बघतोच.

हे ऐकल्यावर ती शाळा मी परत जाऊन बघितली. छोटे बाक, फळा, खिडकीतून दिसणारे डोंगर. इथे कुणी राजा राहिला नव्हता, लढाई झाली नव्हती. ज्यांचं पाणी गेलं, त्यांच्या मुलांनी बाराखडी गिरवली त्या जागा या. जमीन आणि नदी हातातून गेल्यावर उरलेली लाकडं तरी जाऊ द्यायची नाहीत, असं या मंडळींनी ठरवलेलं दिसतं. तेही सुट्टीच्या दिवशी, हातात रंगाचा ब्रश घेऊन.

मला फक्त एकच धास्ती वाटली. दिसलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांचे केस पांढरे होते. ताईला म्हटलं तर ती म्हणाली, “अगं, तरुण पोरं सगळी आमच्या एलएत असतात ना!” पाणी गेलं, त्याच वाटेने पोरंही.

जायचं असेल तर वसंतात किंवा सप्टेंबरनंतर जा. उन्हाळ्यात रणरणतं ऊन असतं, टोपी आणि पाण्याची बाटली मस्ट! निदान दोन तास काढा. जुन्या डेथ व्हॅली रेल्वेचा १९२७ चा मोटरडबा त्यांनी दुरुस्त केलाय, काही ठरावीक दिवशी तो चालवतात. ती तारीख आधी फोन करून विचारा. आणि परत येताना, एलएत शिरण्याआधी, सिल्मारजवळ हायवेच्या बाजूला डोंगरावरून उतरणारा पायऱ्यांसारखा पाट दिसतो. तो त्याच कालव्याचा शेवट. ताई रोज तिथून जाते. या वेळी पहिल्यांदाच तिने जिजूंना गाडी हळू घ्यायला सांगितली.